साकोलीला परत कोण येणार?

आफ्रिकेतला शिकारीचा धंदा चालतो तो परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर. पहिल्या खेपेला कुडू नि इम्पाला, पुढच्या खेपेला रानम्हैस, मग बिबळ्या, अशी यादी वाढत जाते आणि शिकारी पुन्हा विमानात बसतो. दक्षिण आफ्रिकेत १९९१च्या कायद्याने पक्क्या कुंपणातल्या जनावरांवर जमीनमालकाची मालकी मान्य केली. नामिबियाने १९९६ मध्ये सामुदायिक जमिनीवरच्या गावकऱ्यांना वन्यजीवांतून उत्पन्न मिळवण्याचे हक्क दिले. शिकाऱ्याने पैसे मोजायचे, गावाने पैसा आणि मांस घ्यायचे, असा तो व्यवहार आहे. आपल्याकडे रानडुकरांनी रातोरात धानाचे बांध उकरले की हाच दाखला निघतो: पैसेवाले शिकारी इथेही आणा, शेतकऱ्याचा त्रास कमी होईल आणि गावाच्या हाती चार पैसे येतील. हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो नुकसान सोसणाऱ्याच्या तोंडून येतो. पण नागझिरा अभयारण्याजवळच्या साकोलीच्या परिसरासाठी तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे पाहताना आपल्या वाघ-पर्यटनाचेही एक दुखणे उघडे पडते.

पैसे घेऊन शिकार घडवण्याचा प्रयोग मध्य भारतात होऊन गेला आहे. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी १९५०च्या दशकात ॲल्विन कूपर नावाची कंपनी काढली होती. ती मध्य भारतातल्या जंगलांत मोठ्या शिकारीच्या मोहिमा काढी आणि परदेशी शिकारी वाघासाठी येत. जंगलाचे ब्लॉक पाडून परवाने मिळत. हेला बांधायचा, मचाण उभारायचे, गावातली माणसे हाकाऱ्याला लावायची आणि वाघ पडला की नाकाशी एक आणि शेपटीच्या टोकाशी एक खुंटी ठोकून मधले अंतर टेपने मोजायचे. शिकाऱ्याला तो आकडा हवा असे. हाकाऱ्याच्या पदरात मजुरी पडे; वाघावर किंवा जंगलावर त्याचा हक्क नव्हता. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२च्या गणनेत देशभरात जेमतेम १,८२७ वाघ भरले. दोष एकट्या बंदुकीचा नव्हता. जंगलतोड होती, कातड्यांचा व्यापार होता. तरीही शिकाऱ्याच्या प्रत्येक फेरीला नवा वाघ लागतो, हा हिशेब त्या धंद्याला कधी सुटलाच नाही.

आफ्रिकेच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. जिथे रस्ते नाहीत आणि साधा पर्यटक फिरकत नाही, अशा वैराण मुलखात शिकारीच्या पैशाने जंगले टिकली आहेत. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली आणि कॅमेऱ्यावर भिस्त ठेवली; बोट्स्वानाने मात्र २०१४ मध्ये घातलेली बंदी २०१९ मध्ये उठवली. पण साकोली हा असा आडवळणाचा मुलूख नाही. मुंबई-कोलकाता महामार्ग गावातून जातो आणि नागपूर काही तासांच्या अंतरावर आहे. शिवाय आपल्याकडे वन्यप्राणी सरकारच्या मालकीचे. म्हणजे मालकीहक्क हा आफ्रिकेच्या प्रयोगाचा कणाच इथे नाही, आणि तो वगळून नुसती बंदूक आणली तर गावकरी पुन्हा हाकाऱ्यालाच उभा राहील. राहिली रानडुकरे. पिकांची नासधूस करणारी रानडुकरे मारण्यावरून २०१६ मध्ये चंद्रपूरचे नाव घेत मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन केंद्रीय मंत्र्यांत जाहीर जुंपली होती. तो प्रश्न पीकसंरक्षणाचा आहे. भरपाई वेळेवर मिळणे आणि कुंपणाला मदत होणे हे त्याचे उत्तर. धानाच्या बांधीतल्या डुकरासाठी कोणी परदेशातून पुन्हा पुन्हा येणार नाही.

इथवर वाघ-पर्यटनाचे समर्थक माना डोलावतील. पण बंदूक गेली तरी शिकाऱ्याची नजर गेलेली नाही. नागझिऱ्याच्या पिटेझरी गेटातून आत शिरणाऱ्या जिप्सीत पहिला प्रश्न असतो, ‘काल वाघ कुठे दिसला?’ रानकुत्र्यांची टोळी रस्त्यात आडवी आली तरी गाडी दोन मिनिटे थांबते आणि पाणवठ्याकडे पळते. नागझिऱ्यात वाढलेला जय हा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गेला आणि गर्दीही तिकडे वळली. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडाव्या लागल्या, इतके इथले वाघ कमी होते. एका जनावरावर उभी केलेली रोजी त्या जनावराच्या पावलांनी निघून जाते. आणि वाघ दिसलाच, तर फोटो निघतो, यादीत खूण होते आणि पाहुणा पुढच्या वेळी ताडोबाला किंवा कान्हाला जातो.

यावर गाइड आणि जिप्सीवाले म्हणतील, वाघ नसेल तर येणार कोण? पोटाचा प्रश्न असल्याने हा आक्षेप रास्त आहे. पहिल्या खेपेला माणूस वाघासाठीच येईल, यात शंका नाही. दुसऱ्यांदा मात्र तो येतो कोणी जंगल उलगडून दाखवले तर. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिले, किरण पुरंदरे चारशे दिवस या जंगलात राहिले, ते एका वाघाच्या जोरावर नव्हे. सामान्य कुटुंबाला इतका वेळ नसतो. त्याला चार तासांत पाहायला शिकवणारा गाइड लागतो. पाहण्यासारखे तर ऋतूगणिक बदलते. मार्चपासून मोहफुलांवर येणारी अस्वले, हिवाळ्यात नवेगावबांधच्या जलाशयावर उतरणारी बदके. महाराष्ट्रातला सारस आज मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानशेतांत आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांवर उरला आहे. त्याचे घरटे शेतात असते, ते राखणारा शेतकरीच असतो. पावसाळ्यात जंगल बंद असते तेव्हाही हा पक्षी पाहता येतो, आणि त्या पाहुण्याचे पैसे थेट शेतकऱ्याच्या घरात जाऊ शकतात. आफ्रिकेकडून घ्यायचा धडा हाच आहे: जनावर जिवंत राहण्यात गावाचा रोकडा वाटा हवा.

तेव्हा वन विभागाने गाइडच्या प्रशिक्षणात पक्षी, झाडे आणि माग यांना वाघाइतके तास द्यावेत. गेट-शुल्कातून गावसमित्यांकडे किती रक्कम गेली, ते दर वर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावे. सारसाचे घरटे राखणाऱ्या शेतकऱ्याला मानधन आणि पाहुणा घरी ठेवण्याची सोपी परवानगी मिळावी. आणि प्रत्येक गेटवर आलेल्यांपैकी पूर्वी येऊन गेलेले किती, ही नोंद ठेवून वाघांच्या आकड्यांबरोबर तीही जाहीर करावी. हा आकडा दर वर्षी वाढत गेला तर पिटेझरीच्या पोरांना नागपूरला मजुरीला जाण्याची गरज कमी होईल; घटत गेला तर नागझिऱ्यात कितीही वाघिणी आणून सोडल्या तरी गावाच्या हाती फारसे काही पडणार नाही.