हेल्मेट बघता, टायर कधी बघणार?

चौकात पुन्हा हेल्मेटची मोहीम लागली आहे. चांगलं आहे. हेल्मेट घातलंच पाहिजे, त्यावर कमेंटमध्ये भांडत बसू नका. माझा प्रश्न पावती फाडणाऱ्याच्या नजरेबद्दल आहे. गाडीवाल्याला अडवलं, डोक्याकडे बघितलं, नंबरप्लेट बघितली, पीयूसी मागितली. त्याच गाडीचा मागचा टायर पार गोटा झालेला, तिकडे कोणी मान खाली करून बघितलं नाही. पडल्यावर डोकं वाचवायचं काम हेल्मेटचं. पडायचं की नाही, हे बऱ्याचदा टायर ठरवतो.

मृग तोंडावर आलाय. पहिल्या सरीत धूळ आणि सांडलेलं ऑइल एक होतं आणि डांबरावर साबण फासल्यासारखं होतं. मग पंचनाम्यात ठरलेलं वाक्य येतं, 'भरधाव वेगात ताबा सुटल्याने दुचाकी घसरली', आणि दुसऱ्या दिवशी तेच पेपरात. वेग असेलही. पण टायरवर नक्षी किती शिल्लक होती, हे त्या वाक्यात कुठंय? 2022 साली देशात रस्ते अपघातात 1,68,491 माणसं गेली. हा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच आकडा. त्यातली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती.

नियम नाही असं समजू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, नियम 94. दुचाकीच्या टायरवर नक्षीची खोली किमान 0.8 मिलिमीटर पाहिजे, म्हणजे साधारण तुमच्या एटीएम कार्डाच्या जाडीएवढी. चारचाकीला 1.6. दुचाकीला आधीच निम्मी सूट दिली आहे, आणि तीसुद्धा कोणी मोजत नाही. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची. तोवर गाडी परत तपासणीला न्यावी लागत नाही. पीयूसीला नेतो, तिथं नळी सायलेन्सरमध्ये जाते. टायर तिथून वीतभर अंतरावर असतो.

आता यातली खरी मेख. टायर सगळीकडून सारखा झिजत नाही. बाजूनं बघितलं तर नक्षी नव्यासारखी, आणि मधला पट्टा सपाट. मालक म्हणतो, 'आहे की अजून, पावसाळा निघतोय.' निघत नाही, दादा. सरळ रस्त्यावर गाडी मधल्या पट्ट्यावरच चालते. मोजायचं तर सगळ्यात झिजलेल्या जागी मोजायचं. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. त्याच्या रेषेत खाचेत रबराची उंच पट्टी असते. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली की टायर संपला.

झीज कशी आहे त्यावरून कारणही कळतं. मधोमध सपाट, म्हणजे हवा जास्त किंवा गाडी नुसती हायवेवर सरळ पळते. दोन्ही कडा खाल्ल्यात, म्हणजे हवा कमी. एकाच बाजूला जास्त झिजलाय, तर चेन टाइट करताना दोन्हीकडच्या खुणा सारख्या ठेवल्या नाहीत आणि चाक तिरकं बसलं, ही शंका आधी घ्या. पुढच्या टायरवरून हात फिरवा, करवतीसारखे दात लागले तर हवा आणि शॉकॅबसर दोन्ही बघा. एवढं न बघता नुसता नवा टायर टाकला तर तोही तसाच खाल्ला जाणार, पैसे पाण्यात.

आता म्हणाल, मग हवा बघा ना, त्यात सरकारचा काय दोष? बरोबर, हवा बघायची. कुठं बघायची? पेट्रोल पंपावर हवा मोफत देणं हे पंपचालकावर बंधनकारक आहे, तेल कंपन्यांच्या नियमावलीतच ते आहे. आमच्याकडच्या एका पंपावरच्या हवेच्या मशीनवर 'बंद आहे' हा कागद इतके दिवस आहे की त्याचा रंग उडाला. दुसऱ्या पंपावर मशीन चालू, माणूस जेवायला गेलेला. संध्याकाळी गेलो तरी जेवायलाच गेलेला. मग लोक पंक्चरवाल्याकडे जातात. तो बिचारा काटा न लावता अंगठ्यानं दाबून 'झाली' म्हणतो. चेनकव्हरवर कंपनीनं आकडा लिहिलेला असतो, एकट्यासाठी वेगळा, डबलसीटसाठी वेगळा. तो कोण वाचतो?

मागच्या महिन्यात मी मागचा टायर घ्यायला गेलो. दुकानदारानं कागदात गुंडाळलेला काढला. 'एकदम नवा माल, पत्रकारसाहेब.' कडेचे चार आकडे वाचले : 3118. म्हणजे 2018 सालचा 31वा आठवडा. विचारलं, तर म्हणाला, 'रबराला काय एक्स्पायरी असते का?' नुसतं पडून राहिलेलं रबरही वर्षागणिक कडक होतं, पकड सोडतं. गिऱ्हाईक आकडा वाचत नाही, एवढीच त्याची हमी. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात गोटा टायरांना गरम पात्यानं खाचा पाडून ठेवलेल्या होत्या. मुळात उरलेलं रबर पातळ, त्यात खाच पाडली की आतल्या धाग्यापर्यंत किती राहिलं? असले टायर घेणारा कोण, तर दूधवाला, मजूर, कॉलेजचा पोरगा.

गरिबाला परवडत नाही, हे मला शिकवू नका. परवडत नाही म्हणूनच बोलतोय. हवा वेळेवर मिळाली तर तोच टायर जास्त चालतो. आणि सुरक्षेची भाषणं देणाऱ्या सरकारनं 22 सप्टेंबर 2025 पर्यंत टायरवर 28 टक्के जीएसटी घेतला, तेव्हा कुठं तो 18 वर आला. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना 2018-19 मध्ये एबीएस सक्तीचं केलं, छान केलं. पण एबीएस पकड तयार करत नाही, टायरकडे जेवढी आहे तेवढीच वापरतं.

टायर घेताना आकार कंपनीनं दिलेलाच घ्या. 'लूक'साठी रुंद टायर चढवू नका. आयएसआय मार्क आणि तारखेचे चार आकडे बघा, पक्कं बिल घ्या, बाणाची दिशा बघून बसवून घ्या. ट्यूबचा असेल तर ट्यूबही नवी. पहिले शे-दीडशे किलोमीटर जपून चालवा, नवा टायर गुळगुळीत असतो.

प्रशासनाला तीन गोष्टी मागतोय. पीयूसी काढताना टायरची खोलीही मोजून लिहा, साधा गेज लागतो. दुकानाच्या बिलावर टायर बनल्याचा आठवडा-साल सक्तीनं छापा. आणि मोटार वाहन निरीक्षक अपघातग्रस्त दुचाकी तपासतात, तेव्हा दोन्ही टायरची खोली मिलिमीटरमध्ये अहवालात येऊ द्या, म्हणजे 'ताबा सुटला' याच्या पुढं काहीतरी कळेल.

आणि तुमच्याकडे एक काम. आपापल्या गावच्या पंपावरच्या हवेच्या मशीनचा आजचा फोटो कमेंटमध्ये टाका, चालू असो की बंद, गाव आणि वेळ लिहून. बंद असेल तर पंपावर तक्रार पुस्तिका मागा, लिहा आणि त्या पानाचाही फोटो टाका. सोमवारी ही यादी घेऊन मी तहसीलच्या पुरवठा शाखेत जाणार आहे. पोच घेतली की इथंच टाकतो.