नदी कुणाच्या बापाची?

अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२३-२४ मध्ये पाडली. पहिलं १९१८ सालचं. शंभर वर्षं वीज कंपनीची, उपास युरोक, कारुक, क्लॅमथ या आदिवासींचा. सॅल्मन मासा समुद्रातून उलटा चढत येतो, जन्मल्या पाण्यात अंडी घालतो. भिंतीनं वाटच कापली. वरच्या क्लॅमथ लोकांच्या ताटातून मासा गेला तो गेलाच. पाण्याला मालक असतो, हे १९२७ च्या चवदार तळ्याच्या पोरांना वेगळं काय सांगायचं!

२००२ साली खाली नदी आटली, तापली. वरचं पाणी शेतीकडे वळवलेलं. रोग पसरला, हजारो सॅल्मन काठाला सडले. तेव्हा माणसं पेटली. कंपनीचा मालक स्कॉटलंडात, तर २००४ साली थेट तिथं भागधारकांच्या सभेवर जाऊन धडकली.

कुणी म्हणेल, कंपनीला पाझर फुटला. हट्! परवाना संपला होता. नवा हवा तर माशांना वर चढायला शिड्या बांधा, असा सरकारी हुकूम. हिशेब केला, पाडणं स्वस्त. आणि खर्च कुणाचा? वीस कोटी डॉलर वीजग्राहकांच्या बिलातून, पंचवीस कोटी कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्जरोख्यांतून. नफा खाणारा अंग झटकून मोकळा.

ऑक्टोबर २०२४. काम संपून महिनाही झाला नव्हता, तोच सॅल्मन पार ओरेगॉनात पोचले. शंभरावर वर्षांनी! त्याहून वर मात्र किनो आणि लिंक रिव्हर ही दोन धरणं अजून उभीच आहेत.