बांधणारे ते आणि वापरणारे आपण, हे किती दिवस?

लिनक्स वापरणारे अनेक तरुण मित्र अभिमानाने सांगतात की त्यांनी विंडोज सोडले. चांगली गोष्ट आहे. पण तेच पुढे म्हणतात, "पॅकेज बांधणे हे तज्ज्ञांचे काम, आपल्याला वापरता आले की पुरे." या वाक्याला आमचा सक्त विरोध आहे. ज्ञान मूठभरांनी बाळगायचे आणि बाकीच्यांनी हात जोडून त्याचे फळ घ्यायचे, ही विभागणी या देशात नवी नाही. ती संगणकावर स्वतःहून का ओढवून घ्यायची?

मुळात डेबियन किंवा उबंटूचे पॅकेज म्हणजे काय? 'एआर' नावाच्या जुन्या पद्धतीने बांधलेले गाठोडे. त्यात तीन वस्तू: पॅकेजच्या स्वरूपाची आवृत्ती सांगणारी छोटी फाइल, माहितीचे एक गाठोडे आणि प्रत्यक्ष फायलींचे दुसरे. यात गूढ काहीही नाही.

समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जाला किती दिवस उरले हे सांगणारी चार ओळींची स्क्रिप्ट तुम्ही लिहिली. एक फोल्डर करा. त्यात 'यूएसआर', त्याच्या आत 'बिन'. तिथे स्क्रिप्ट ठेवा आणि तिला चालण्याची परवानगी द्या. 'यूएसआर'च्या शेजारी कॅपिटल अक्षरांत 'डेबियन' हे फोल्डर आणि त्यात 'कंट्रोल' ही फाइल. तिच्यात पाच ओळी: पॅकेज, व्हर्जन, आर्किटेक्चर, मेंटेनर, डिस्क्रिप्शन. स्क्रिप्ट कोणत्याही प्रोसेसरवर चालते, म्हणून आर्किटेक्चरपुढे 'ऑल'. मग 'डीपीकेजी-डेब' या आज्ञेला 'बिल्ड' हा पर्याय आणि फोल्डरचे नाव द्या. सोबत 'रूट-ओनर-ग्रुप' हा पर्यायही द्या, नाहीतर फायलींवर तुमच्याच खात्याची मालकी राहते. झाले पॅकेज!

"असले पॅकेज डेबियन स्वीकारणार नाही," असा आक्षेप येईल. खरे आहे. तिथे सोर्स पॅकेज लागते, परवान्याची आणि बदलांची नोंद लागते. पण पहिली पायरी चढल्याशिवाय दुसरी दिसणार कशी?

आणि हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. पॅकेज बसवताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालतात. म्हणजे पासवर्ड टाकताच बांधणाऱ्याच्या हाती तुम्ही अख्खा संगणक देता. मार्च 2024 मध्ये काय झाले ते आठवा. एक्सझेड या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो उघडणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या गिट भांडारात नव्हता. वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात होता. तो घुसवणारा माणूस दोनेक वर्षे काम करून विश्वास कमावत आला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो पोहोचला नाही, पण चाचणीच्या आवृत्तीत पोहोचला होता. आणि पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढाच प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना.

सोर्स खुला आहे, एवढ्यावर निश्चिंत राहणाऱ्यांना आमचा सवाल आहे: गाठोडे उघडून पाहिले कधी? 'डीपीकेजी-डेब' आतली यादी दाखवते, माहितीही दाखवते. पण स्वतः एक बांधले असेल, तरच त्या यादीत काय खटकायला हवे ते कळते.

म्हणून मित्रांनो, या आठवड्यात एक पॅकेज बांधा. ते उघडा, बसवा, काढा, पुन्हा बांधा. मेंटेनरच्या ओळीत स्वतःचे नाव लिहा. ती ओळ जबाबदारीची आहे, आणि जबाबदारी घेणाऱ्यालाच प्रश्न विचारण्याचे बळ येते.