हुबेहूबपणाचें दैवत

‘कला आणि यंत्रशास्त्र यांचा संगम’ हे शब्द अलीकडे इतक्या भक्तिभावानें उच्चारले जातात कीं, त्या संगमांत न्हाऊन निघालेल्या वस्तूविषयीं शंका काढणें म्हणजे जणूं पातकच! माणसासारखा दिसणारा, हंसणारा व पापण्या मिटणारा यंत्रमानव हा या संगमाचा कळस, असें त्याचे पुरस्कर्ते सांगतात. आमचें म्हणणें याच्या उलट आहे. अशा यंत्रांत शास्त्र पुष्कळ आहे, कारागिरीहि वाखाणण्यासारखी आहे; परंतु यंत्रानें माणूस म्हणून खपावें हेंच जेथें ध्येय ठरतें, तेथें कलेचा धर्म सुटतो आणि फसवणुकीचा धंदा सुरू होतो.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू न्यायानें मांडूं. या क्षेत्रांतील सर्वांत गाजलेलें नांव डेव्हिड हॅन्सन यांचें. हे गृहस्थ मुळांत कलाशाळेंत शिकलेले. डिस्नेच्या संस्थेंत त्यांनीं मूर्तिकाम केलें. पुढें त्यांनीं रबरासारखी एक लवचिक त्वचा सिद्ध केली. तिच्या आड बसविलेल्या बारीक मोटारी ती आंतून ओढतात, आणि कपाळावर आठी किंवा ओठांवर स्मित उमटतें. त्यांच्या ‘सोफिया’चें लोकांस प्रथम दर्शन २०१६ सालीं झालें. मनुष्य मनुष्याचा चेहरा जन्मापासून वाचीत आला आहे. तेव्हां यंत्रालाहि चेहरा दिला तर दोघांतील परकेपणा जाईल, असें या पक्षाचें म्हणणें. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. चेहरा घडवितां घडवितां चेहऱ्याचें शास्त्र कळतें, हा लाभ तर निर्विवाद आहे.

पण पुढें काय झालें तें पाहा. ऑक्टोबर २०१७ मध्यें रियाध येथें सौदी अरेबियानें या बाहुलीस नागरिकत्व दिल्याचें जाहीर झालें. त्याच देशांतील जिवंत स्त्रियांस मोटार चालविण्याची मुभा प्रत्यक्षांत मिळाली ती जून २०१८ मध्यें! डिसेंबर २०१७ मध्यें हीच सोफिया साडी नेसून मुंबईस पवईच्या आय. आय. टी. च्या महोत्सवांत आली. तिचें बोलणें पुष्कळसें आधीं लिहून ठेवलेलें असे. तिच्याहून कितीतरी उपयोगी यंत्रें जगांत मुकाट्यानें राबत आहेत; त्यांस कोणीं नागरिक केलें नाहीं कीं साडीहि नेसविली नाहीं. हा मान बुद्धीचा नव्हे, मुखवट्याचा होता.

आतां कलेकडे वळूं. बालगंधर्व भामिनी होऊन रंगमंचावर येत, तेव्हां नाट्यगृहांतील प्रत्येकास ठाऊक असे कीं, शालूआड नारायणराव राजहंस उभे आहेत. तरी प्रेक्षक देहभान विसरत, आणि घरंदाज स्त्रिया त्यांच्या पोशाखाचें अनुकरण करीत. तेथें कोणी फसत नव्हतें. जो तो जाणूनबुजून रमत होता. कुडाळाजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवितात, त्यांच्या दोऱ्या लहान पोरालाहि दिसतात. जपानच्या बुनराकु नाट्यांत तर एकेका मुख्य बाहुलीस तीन तीन सूत्रधार धरून उघड वावरतात, आणि लोक रडतात बाहुलीच्या दुःखानें! दोरी दिसत असतांहि अश्रु येतात, ती कला. दोरी लपविल्यावांचून ज्याचें चालत नाहीं, तो गारुड्याचा खेळ.

जपानांतच हिरोशी इशिगुरो यांनीं २००६ सालीं स्वतःची हुबेहूब प्रतिकृति उभी केली. ‘जेमिनॉइड’ हें तिचें नांव. ती मान वळविते, ओठ हलविते. पण बोलणारा मनुष्य दुसरीकडे यंत्रापुढें बसलेला असतो. म्हणजे ही कळसूत्री बाहुलीच. फक्त दोरी अदृश्य! मनुष्यत्व म्हणजे काय हें शोधण्यासाठीं हा प्रयोग, असें ते म्हणतात; प्रयोगशाळेंत तो शोभतोहि. तोच प्रयोग दिवाणखान्यांत आला कीं त्याचें स्वरूप पालटतें.

याच देशांत १९७० सालीं मासाहिरो मोरी या यंत्रशास्त्रज्ञानें एका छोट्या निबंधांत इशारा देऊन ठेविला होता. यंत्र माणसासारखें होत जातें तसतशी आपली जवळीक वाढते. परंतु तें जवळजवळ माणूस झालें कीं एकाएकीं अंगावर शहारा येतो. या दरीपलीकडे उडी घेण्याचा हट्ट न धरतां अलीकडेच थांबावें, असा मोरींचा सल्ला. त्यांनीं उदाहरण दिलें तें बुद्धमूर्ति कोरणाऱ्या कारागिरानें केलेल्या लांकडी हाताचें. त्याचीं बोटें सांध्यांत वळतात. पण त्यांवर ठसे नाहींत, रंगहि लांकडाचाच. तरी तो सुंदर दिसतो आणि कोणास भिववीत नाहीं. कला व यंत्रशास्त्र यांचा खरा संगम पाहावयाचा तर तो या हातांत! क्योतोच्या कोदाइजी मंदिरांत २०१९ सालीं बसविलेल्या ‘मिंदार’ या यंत्रमूर्तींतहि तोच विवेक आहे. चेहऱ्यास व हातांस मऊ त्वचा, पण बाकीचें धातूचें अंग उघडें.

हा केवळ रसिकांचा वाद असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत असे एकाकी वृद्ध आज आपल्या गांवोगांव आहेत. औषधाची वेळ सांगणारें, हाताला धरून उठविणारें यंत्र त्यांच्या घरीं अवश्य यावें. परंतु उद्यां मुलाचा चेहरा व मुलाचा आवाज घेतलेली बाहुली आईच्या उशाशीं बसेल. हुंदका ऐकून ती भुंवया उंचावील, आणि मुलगा सातासमुद्रांपलीकडे निश्चिंत झोपेल. “म्हातारीस समाधान आहे ना, मग तुमचें काय गेलें?” असें कोणी विचारील. पिठाचें पाणी दूध म्हणून पिऊन अश्वत्थामाहि आनंदानें नाचला होता. पण त्याचा तो आनंद पाहूनच द्रोणाचार्यांचें काळीज फाटलें.

म्हणून यंत्रमानव घडविणाऱ्या कलावंतांस आमचें एवढेंच सांगणें: हात सुंदर करा, पण सांधा झांकूं नका. पिठाचें पाणी पाजावेंच लागलें, तर निदान त्यास दूध म्हणूं नका.