चार पाकळ्यांचे कुळ आणि थायरॉइडची धास्ती

थायरॉइडचे निदान झाले की ‘आता कोबी-फ्लॉवर बंद’ असा सल्ला घरातून, शेजारातून हमखास मिळतो. त्यात तथ्य किती, हे जाणण्यासाठी या भाज्यांचे कुळ आधी ओळखले पाहिजे.

मोहरीचे फूल निरखून पाहावे. त्याच्या चार पाकळ्या क्रुसाप्रमाणे समोरासमोर मांडलेल्या असतात. आत सहा पुंकेसर असतात. त्यांपैकी चार लांब आणि दोन आखूड. ही या कुळाची ठळक खूण होय. मोहरीची शेंग पिकली की उकलते आणि आतील पातळ पडद्याच्या दोन्ही अंगांना बिया दिसतात. मुळ्याच्या शेंगा, म्हणजे आपल्या डिंगऱ्या, मात्र तशा उकलत नाहीत. सलगम आणि अळीव हेही याच कुळातले. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली ही तर एकाच जातीची निरनिराळी रूपे आहेत. कोबीचा गड्डा ही पानांची मोठी झालेली कळी, फ्लॉवर हा न उमललेला फुलोरा, तर नवलकोल हे फुगलेले खोड.

या कुळाची दुसरी खूण नाकाला कळते. अख्ख्या मोहरीला उग्र वास नसतो; पाण्याबरोबर फेसली की तीच नाकात झिणझिण्या आणते. वनस्पतीच्या पेशींत गंधकयुक्त द्रव्ये आणि त्यांचे विघटन करणारे विकर वेगवेगळे साठवलेले असतात. किडीने पान कुरतडले किंवा आपण बी वाटले की दोन्ही एकत्र येतात आणि तिखट द्रव्य तयार होते. ही वनस्पतीची संरक्षणव्यवस्था आहे. उष्णतेने विकर निष्क्रिय होते. म्हणूनच फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते, झणझणीत नव्हे.

थायरॉइडच्या शंकेचे मूळ याच द्रव्यांत आहे. त्यांच्या विघटनातून निर्माण होणारे काही घटक थायरॉइड ग्रंथीच्या आयोडीन वापरण्याच्या कामात अडथळा आणतात. १९२८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांना सशांमध्ये गलगंड आढळला. परंतु त्या सशांचा मुख्य आहारच कोबी होता. २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ८८ वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. मधुमेह आटोक्यात राहील या समजुतीने ती कित्येक महिने रोज १ ते दीड किलो कच्चा बोकचॉय, म्हणजे चिनी कोबी, खात होती. थायरॉइडचे कार्य अतिशय मंदावून ती अत्यवस्थ झाली.

दोन्ही उदाहरणांत दोष आहे तो अतिरेकाचा. आठवड्यातून दोन-तीनदा शिजवलेली कोबीची भाजी, अधूनमधून वाटीभर कोशिंबीर आणि रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ, एवढे पथ्य बहुतेकांना पुरेसे आहे. कच्च्या पानांचा रस दररोज पेलाभर पिण्याचा उपचार मात्र थायरॉइडच्या रुग्णांनी टाळावा. वैद्यांनी दिलेली गोळी नियमित घ्यावी; भाजी सोडली म्हणून गोळी सुटत नाही. चार पाकळ्यांच्या या कुळाला घरातून हद्दपार करू नये. प्रमाण सांभाळावे, एवढेच.