चढावर वॅट विचारू नका, गिअर विचारा

ऑफिसातल्या चाळिशी ओलांडलेल्या सायकलवाल्यांचा हल्ली एकच प्रश्न असतो: "सिंहगड चढायचाय, कुठली ई-सायकल घेऊ?" प्रश्न गमतीचा नाही. गुडघे कुरकुरायला लागले की आधी घाट सुटतात, मग रविवार सुटतो आणि शेवटी सायकल बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामी येते. मोटरमुळे हे दहा वर्षांनी पुढे ढकलता येतं. पण सायकल चुकीची निवडली, तर पैसेही जातात आणि हौसही.

दुकानात दोनच आकडे सांगतात, वॅट आणि रेंज. माझं मत विचाराल तर चढासाठी दोन्ही जवळजवळ निरुपयोगी.

आधी वॅट. आपल्याकडे २५० वॅटच्या आतली, ताशी २५ किमीला मदत थांबवणारी पॅडलवाली सायकल असेल, तर ना रजिस्ट्रेशन लागतं ना लायसन्स. त्यामुळे बहुतेक सायकलींवर आकडा तोच, २५०. आता थोडं गणित, घाबरू नका, शाळेतलंच आहे. तुम्ही ७५ किलो, सायकल २५, एकूण १००. आठ टक्के चढ म्हणजे आठ किलो वजन सतत सरळ वर उचलत राहायचं. ताशी १० किमी वेगाने हे करायला, टायरचं घर्षण धरून, साधारण २४० वॅट लागतात. त्यातले शंभरेक तुमचे पाय देतात, उरले १४०. म्हणजे २५० वॅट पुरतात की!

मग सायकली घाटात धापा का टाकतात? कारण मोटर कुठे बसवलीय याचा विचारच कोणी करत नाही.

स्वस्त सायकलींची मोटर मागच्या चाकाच्या मधोमध असते, तिला हब मोटर म्हणतात. तुम्ही पॅडलचे गिअर कितीही बदला, तिला त्याचा पत्ताच नसतो. ती चाकाच्याच वेगाने बांधलेली. सव्वीस इंची चाक ताशी २५ किमीला मिनिटाला दोनशे फेरे मारतं, १० किमीला जेमतेम ऐंशी. मोटरला तेवढाच जोर लावायचा तर करंट तेवढाच लागतो आणि तारांमध्ये उष्णताही तेवढीच होते. पण वेग निम्म्याहून कमी असल्यामुळे हातात पडणारं काम निम्म्याहून कमी. लांब घाटात पाऊण-एक तास हेच चाललं की मोटर तापते. मग शहाणा कंट्रोलर मदत कमी करतो, आणि नसला शहाणा, तर काय होईल ते सांगायला नको.

मिड-ड्राइव्ह मोटर पॅडलच्या दांड्यापाशी असते आणि तिचा जोर चेनमधून, गिअरमधून जातो. पुढे ३४ दाते, मागे ३४, पाय मिनिटाला सत्तर फेरे फिरवताहेत, तर सायकल ताशी नऊच्या आतबाहेर चालते, मोटरही निवांत फिरते आणि गुडघेही. ही काही नवी कल्पना नाही. यामाहाने १९९३ मध्ये जपानात पहिली 'पास' सायकल विकायला काढली, तेव्हाही मोटर पॅडलपाशीच होती.

आता रेंज. गोळेवाडीच्या नाक्यापासून गडावरच्या वाहनतळापर्यंत रस्ता साधारण ९ किमी, चढ सहाशे मीटरच्या आसपास. आपले १०० किलो वर न्यायला घर्षणासकट सुमारे १८० वॅट-अवर लागतात. ३६ व्होल्ट, साडेसात अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २७० वॅट-अवर. निम्मं काम पायांनी केलं आणि मोटरने ६० टक्केच उपयोगी काम दिलं असं धरलं, तर दीडशे गेले. एका चढात निम्म्याहून जास्त बॅटरी! नुसता थ्रॉटल पिळत बसलात, तर वाहनतळ दिसायच्या आत खेळ खल्लास. सपाट रस्त्यावरची "चाळीस किमी रेंज" इथे काय कामाची?

उतरताना तीच ऊर्जा परत येते, पण बॅटरीत नाही, बहुतेक सायकलींत ती ब्रेकमध्ये जाते. पंचवीस किलोची सायकल घाट उतरवायची म्हणजे माझ्या मते हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवेतच. डिस्प्लेला मोबाइल जोडता येतो की नाही, हे नंतर बघा.

मिड-ड्राइव्हचे तोटेही आहेत. किंमत कित्येक पट, आणि चेन-कॅसेट लवकर झिजतात, कारण आता दोघांचा जोर त्यांच्यावर. म्हणून सरसकट सल्ला देत नाही. रोजच्या वाटेवर एखादा फ्लायओव्हर आणि सोसायटीचा चढ असेल, तर गिअरवाली हब मोटर झकास चालते, उगाच लाख रुपये घालू नका. दिवे घाट, बोपदेव, सिंहगड दर महिन्याला करायचे असतील, तर मात्र मिड-ड्राइव्हच घ्या. बजेट बसत नसेल तर हबवाली घ्या, पण मागची कॅसेट मोठ्या दात्यांची बसवून, म्हणजे निम्मं काम तरी पायांना झेपेल.

दुकानदाराला एवढंच सांगा, टेस्ट राइड पार्किंगमध्ये नको. जवळच्या चढावर न्या, मध्येच थांबा आणि तिथूनच पुन्हा निघून दाखवा म्हणावं. कुठली घ्यायची, ते तिथेच कळतं.