कमी विषारी म्हणजे निर्विष नव्हे

ई-सिगारेट, अर्थात तरुण पिढी जिला 'व्हेप' म्हणते ती, बनविणे, आयात करणे, विकणे वा तिची जाहिरात करणे हा आपल्या देशात २०१९ पासून गुन्हा आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात केंद्र सरकारने वटहुकूम काढला व डिसेंबरात त्याचा कायदा झाला. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. ज्या पानपट्टीवर ही वस्तू ठेवणे गुन्हा, त्याच पानपट्टीवर सिगारेटचे पाकीट मात्र राजरोस मिळते. 'सिगारेटहून व्हेप कमी घातक असेल, तर बंदी व्हेपवरच का?' असा सवाल सुशिक्षित मंडळी करतात. सवाल रास्त आहे आणि त्याला आडपडदा न ठेवता उत्तर दिले पाहिजे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. सिगारेट ओढणारा तंबाखू जाळतो आणि मुख्य अनर्थ त्या जळण्यातच आहे. डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि सात हजारांवर रासायनिक द्रव्ये त्या धुरात असतात. पैकी सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. व्हेपमध्ये काही जळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन व सुवासिक द्रव्ये यांचे मिश्रण बॅटरीवर तापवून त्याचे सूक्ष्म तुषार ओढले जातात. दीर्घकाळच्या वापरातही यापासून होणारी हानी धूम्रपानाच्या हानीच्या पाच टक्क्यांहून अधिक असण्याचा संभव नाही, असा अंदाज लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली वर्तविला. सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांना व्हेप पुरविण्याची योजना ब्रिटिश सरकारने २०२३ साली जाहीर केली, ती याच विचाराने. हे सारे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु ही तुलना कोणाशी चालली आहे? खुन्याच्या शेजारी उभा केला तर भुरटा चोरही सज्जन दिसावयाचा! शिवाय तो अंदाज हा अंदाजच आहे. हे उपकरण चीनमध्ये २००३ च्या सुमारास जन्मास आले. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते डॉल व हिल यांनी १९५० साली दाखविले आणि अमेरिकी सर्जन जनरलचा अहवाल १९६४ साली आला, तोवर सिगारेट ओढणाऱ्यांच्या पिढ्या उलटल्या होत्या. व्हेपचा चाळीस वर्षांचा हिशेब अद्याप कोणापाशीही नाही. तुषारांतून फुप्फुसात धातूंचे अंश व फॉर्माल्डिहाइड जाऊ शकते आणि निकोटीनचे व्यसन जडते, एवढे मात्र निश्चित आहे.

अमेरिकेत फेब्रुवारी २०२० पर्यंत व्हेपमुळे फुप्फुसास इजा झालेले २,८०७ रुग्ण नोंदले गेले व ६८ जण दगावले. त्यांतील बहुतेकांच्या आजाराचे मूळ, गांजातील मादक द्रव्य मिसळून चोरट्या मार्गाने विकलेल्या द्रवातील 'व्हिटामिन ई अॅसिटेट' या भेसळीत सापडले. यावरून प्रत्येक व्हेप प्राणघातक ठरत नाही. पण चोरट्या बाजारातल्या नळीत काय भरले आहे हे ओढणाऱ्यास ठाऊक नसते, हे त्यावरून ध्यानात यावे. आपल्याकडे तर मिळणारी प्रत्येक व्हेप चोरट्या बाजारातलीच असते.

म्हणून 'व्हेप सुरक्षित आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर विचारणारा कोण यावर अवलंबून आहे. वीस वर्षे रोज पाकीटभर सिगारेटी फुंकणाऱ्याने त्या पूर्णपणे सोडून व्हेप धरली, तर त्याची हानी घटेल. दोन्ही चालू ठेवल्या तर फारसे काही साधणार नाही. ज्याने कधी सिगारेटला हात लावला नाही अशा सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र तुलना सिगारेटशी करावयाची नसून स्वच्छ हवेशी करावयाची आहे. अमेरिकेच्या माध्यमिक शाळांतील वरच्या वर्गांत २०१९ साली २७.५ टक्के विद्यार्थी व्हेप ओढू लागले होते. ब्रिटनलाही एकदाच वापरून फेकावयाच्या व्हेपची विक्री जून २०२५ पासून बंद करावी लागली.

आपली परिस्थिती आणखी निराळी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करीत होते, तर २१.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरीत होते. मळलेल्या तंबाखूची गोळी दाढेत धरणाऱ्यास व्हेपचा उतारा काय कामाचा? ब्रिटनचे औषध येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. आमच्या मते बंदी उठविण्याचे कारण नाही.

मात्र बंदीने कर्तव्य संपले असे सरकारने मानू नये. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर २०२० पासून; या दोन्ही बंद्यांचे काय झाले हे कोणत्याही नाक्यावर उभे राहून पाहता येते. व्हेपवरील कायद्याची तीच गत होऊ द्यावयाची नसेल, तर शाळा-कॉलेजांच्या परिसरातील चोरट्या विक्रीचा बंदोबस्त झाला पाहिजे. त्याचबरोबर, कमी घातक वस्तू हिरावून घेतलेल्या सिगारेटबाज नागरिकाला व्यसन सोडविण्याची मदत सरकारी दवाखान्यात सुलभपणे मिळाली पाहिजे. नव्या विषाला दार बंद करून जुन्या विषाचे दुकान उघडे ठेवणाऱ्या राज्यकर्त्यांवर एवढी जबाबदारी तरी निश्चितच येते.